व्हायरसने हार्डडिस्क खरंच मरते का?

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गांधी चौकाच्या आसपास बंद पडलेला संगणक दुरुस्तीला टाकला, की एक निकाल हमखास कानावर पडतो: ‘व्हायरसनं हार्डडिस्क खाल्ली. नवीन टाकावी लागेल.’ ग्राहक मान डोलावतो, कारण त्याच्याही मनात तेच असतं. चार दिवसांपूर्वी कुणीतरी पेनड्राइव्ह लावलेला असतो, स्क्रीनवर काहीतरी विचित्र आलेलं असतं. नवी डिस्क बसते, विंडोज मारून मिळतं, आणि जुनी डिस्क दुकानातच राहते. तिच्यासोबत मोंढ्यातल्या आडत्याचं टॅलीमधलं खातं जातं, फोटोग्राफरची अर्ध्या हंगामाची लग्नं जातात, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या मुलीची पाच प्रकरणं जातात. निदान बरोबर होतं की चूक, हे कुणी तपासत नाही. मला हा प्रश्न तांत्रिक कुतूहलापेक्षा मोठा वाटतो तो यामुळे.

उत्तर आधीच सांगतो. ज्या व्हायरसांनी जगभर हाहाकार माजवला, त्यांनी डिस्कवरचं लिखाण नासवलं. डिस्कचं यंत्र शाबूत राहिलं. तरीही ‘हे अशक्यच आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तेही खरं नाही. काही वाटा आहेत, त्यांतल्या एक-दोन प्रत्यक्ष वापरल्याही गेल्या आहेत. पण त्या वाटा आणि आपल्या दुकानात येणारी मेलेली डिस्क, यांचा एकमेकांशी जवळजवळ काहीच संबंध नसतो.

हे समजायला डिस्कच्या पोटात डोकवावं लागतं. हार्डडिस्कमध्ये ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या तबकड्या असतात, त्यांवर चुंबकीय थर असतो. लॅपटॉपमध्ये त्या सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, डेस्कटॉपमध्ये ७,२००. वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्याने तयार झालेल्या हवेच्या थरावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. ते टेकलं की ओरखडा पडतो आणि तिथला मजकूर कायमचा जातो. हे सगळं सांभाळायला डिस्कच्या पाठीवर हिरवी पीसीबी, म्हणजे सर्किटची पट्टी, असते. तिच्यावर स्वतंत्र प्रोसेसर असतो, स्वतंत्र मेमरी असते आणि फर्मवेअर नावाचा डिस्कचा आपला खासगी प्रोग्राम चालतो. हेड कुठे न्यायचं, मोटर किती वेगाने फिरवायची, हे तो फर्मवेअर ठरवतो. विंडोजला त्यातलं काहीही कळत नाही. विंडोज फक्त अमुक क्रमांकाचा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा कप्पा, दे किंवा तमुक क्रमांकावर हे लिही, एवढंच म्हणू शकतं. अस्तित्वात नसलेला क्रमांक मागितला तर डिस्क चूक दाखवून गप्प बसते. व्हायरस हा विंडोजच्या आत राहणारा प्रोग्राम आहे, म्हणजे त्यालाही याच खिडकीतून बोलावं लागतं.

पूर्वी असं नव्हतं, आणि भीतीचं मूळ तिथे आहे. १९८० मध्ये सीगेटने आणलेली एसटी-५०६ ही डिस्क जेमतेम ५ एमबीची होती. तिला चालवणारा कंट्रोलर डिस्कवर नसून संगणकात बसवलेल्या वेगळ्या कार्डावर असे आणि हेड स्टेपर मोटरने एकेक पाऊल सरकवलं जाई. सॉफ्टवेअरचा हात यंत्राच्या इतक्या जवळ होता. संगणक जागेवरून हलवण्याआधी हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवण्यासाठी वेगळा प्रोग्राम चालवायची पद्धत होती. फ्लॉपीच्या जगात तर सॉफ्टवेअरने यंत्र बिघडवल्याचं अस्सल उदाहरण आहे. कमोडोर कंपनीच्या १५४१ या ड्राइव्हमध्ये हेड पहिल्या ट्रॅकवर पोचलं की नाही हे सांगणारा सेन्सरच नव्हता. वाचताना चूक आली की ड्राइव्ह हेडला मागे ढकलून अडसरावर आपटत असे. तो खडखडाट वापरणाऱ्यांच्या परिचयाचा होता. खेळांच्या फ्लॉपींची नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या त्यांवर मुद्दाम चुकीचे सेक्टर ठेवत. ते वाचता वाचता हेड वारंवार आपटे आणि हळूहळू जागचं सरके. ते सॉफ्टवेअर व्हायरस नव्हतं, दुकानातून पैसे देऊन घेतलेलं होतं. मोडतोड मात्र खरी होती.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयडीई डिस्क आल्या आणि कंट्रोलर डिस्कच्या पाठीवर गेला. बाहेरच्या प्रोग्रामला हेडपर्यंत नेणारी सरळ वाट तिथे बंद झाली. मराठवाड्यात संगणक दुकानांत, कार्यालयांत आणि घरांत पोचला तो यानंतर. १९८१ मध्ये सुरू झालेल्या नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या मोजक्या संस्था सोडल्या, तर सामान्य माणसाची संगणकाशी गाठ पडली ती नव्वदच्या दशकात, आणि तालुक्याच्या गावी तर २००१ नंतर, एमकेसीएल स्थापन होऊन एमएस-सीआयटीचे वर्ग निघाल्यावर. म्हणजे आपल्याकडे आलेल्या हार्डडिस्क जवळपास सगळ्याच नव्या, बंद वाटेच्या होत्या. भीती मात्र जुनीच आली.

त्या भीतीला ‘बॅड सेक्टर’ने बळ दिलं. आजही ‘व्हायरसमुळे बॅड सेक्टर पडले’ हे वाक्य दुकानात ऐकू येतं आणि त्याचा उगम शोधता येतो. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस. तो ३६० केबीच्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये शिरायचा. मूळ बूट सेक्टर आणि स्वतःचा उरलेला भाग लपवायला त्याला जागा हवी असे, म्हणून तो काही क्लस्टर, म्हणजे सेक्टरांचे गट, फाइलींच्या जागांची नोंद ठेवणाऱ्या ‘फॅट’ या तक्त्यात ‘खराब’ म्हणून नोंदवायचा. त्या काळची डॉस ही प्रणाली त्या जागेला हात लावत नसे आणि व्हायरस तिथे सुखाने राही. नंतरच्या ‘पिंग-पाँग’नेही हीच युक्ती केली. तपासणीचा प्रोग्राम चालवला की स्क्रीनवर बॅड सेक्टर दिसत, सोबत व्हायरसही सापडे, आणि दोहोंची गाठ लोकांच्या मनात कायमची बसली. पण चांगल्या काळ्या रानाची सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ अशी नोंद झाली म्हणून माती नापीक होत नाही. नोंद दुरुस्त केली की रान तेच असतं. व्हायरसने दाखवलेले बॅड सेक्टर हे नोंदीतले होते. खरा बॅड सेक्टर तबकडीवरचा थर झिजल्याने, ओरखड्याने किंवा हेड अशक्त झाल्याने पडतो, आणि तो कुठल्याही अँटिव्हायरसने भरून निघत नाही.

इथेच ‘लो लेव्हल फॉरमॅट’चा गैरसमजही निकालात काढायला हवा. व्हायरस फार चिवट असेल तर लो लेव्हल फॉरमॅट मारावा म्हणजे डिस्क कोरी करकरीत होते, असं कारागीर सांगतात. खरा लो लेव्हल फॉरमॅट म्हणजे तबकडीवर ट्रॅक आणि सेक्टरांच्या खुणा नव्याने आखणं. आजच्या डिस्कवर ते काम फक्त कारखान्यात होतं. दुकानात त्या नावाने चालतो तो प्रोग्राम सगळीकडे शून्यं लिहितो, इतकंच. व्हायरस जातो हे खरं, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर हे कित्येक तासांचं ओझं टाकलं की उरलासुरला मजकूरही जातो.

आता ज्या व्हायरसांनी खरोखर दहशत बसवली त्यांच्याकडे पाहू. ६ मार्च १९९२ हा ‘मायकेलअँजेलो’चा दिवस. त्या तारखेला संगणक सुरू केला की तो डिस्कच्या सुरुवातीच्या सेक्टरांवर कचरा लिहायचा. फाइली बहुतेक जागच्या जागी असायच्या, त्यांच्याकडे जाणारा पत्ता पुसला जायचा. २६ एप्रिल १९९९ रोजी त्याहून भयंकर प्रकार झाला. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस, ज्याला तारखेवरून ‘चेर्नोबिल’ हे नाव पडलं, आशियाभर लाखो संगणकांत एकाच दिवशी जागा झाला. जेमतेम एक केबीचा हा प्रोग्राम दोन कामं करायचा. डिस्कचा पहिला सुमारे एक एमबी भाग शून्यांनी भरून टाकायचा, आणि ठरावीक चिपसेटच्या मदरबोर्डवर संगणक सुरू करणाऱ्या बायोस या प्रोग्रामच्या चिपमध्येच कचरा लिहायचा. बायोस गेला की बटण दाबूनही संगणक चालू होत नसे, स्क्रीन काळी ती काळीच. लोकांना वाटलं, मशीन जळलं. ‘व्हायरस हार्डवेअर जाळतो’ या समजुतीला मिळालेला हा सगळ्यात भक्कम पुरावा होता, आणि तो अर्धाच खरा होता. चिप भाजली नव्हती, तिच्यातला मजकूर बिघडला होता. ती काढून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा लिहिली किंवा बदलली की बोर्ड जिवंत होई. डिस्कला तर काहीच झालेलं नसे; फॅटची दुसरी प्रत बरेचदा शाबूत असल्याने जाणकाराला पुष्कळ काही परतही मिळवता येई. माझ्या मते सीआयएचला ‘हार्डवेअर मोडणारा व्हायरस’ म्हणण्यापेक्षा ‘हार्डवेअर वेठीस धरणारा व्हायरस’ म्हणणं योग्य ठरेल. पण ज्याच्या गावात चिप पुन्हा लिहून देणारा माणूसच नाही, त्याच्यासाठी हा फरक पुस्तकातला राहतो हेही मान्य केलं पाहिजे. त्याला नवा बोर्ड घ्यावाच लागला.

या सगळ्यात एक पुरावा आपल्या घरातला आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. सातारा जिल्ह्यातून आलेलं काटकर कुटुंब पुण्यात राहत होतं. थोरले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, पुढे संगणक दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी संगणकांना व्हायरसच लागलेला असतो, हे त्यांनी पाहिलं. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ बाजारात आलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. मराठी माणसाच्या उद्योगाची ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते, पण तिच्यात दडलेला तांत्रिक मुद्दा सुटून जातो. व्हायरस डिस्क मोडत असते, तर एका फ्लॉपीवर किंवा सीडीवर मावणाऱ्या प्रोग्रामने संगणक दुरुस्त झालेच नसते. ते झाले, त्याच डिस्कसह घरी परत गेले, आणि त्या जोरावर एक कंपनी उभी राहिली.

पुढे पेनड्राइव्हचा काळ आला. झेरॉक्सची दुकानं, सायबर कॅफे, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा इथून ‘न्यू फोल्डर’ आणि ‘शॉर्टकट’ व्हायरस फिरले. शॉर्टकट व्हायरस पेनड्राइव्हमधल्या मूळ फाइली लपवायचा आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचा. मुलं घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करत, आणि ज्या फाइली केवळ लपलेल्या होत्या त्या खरोखर जात. नुकसान व्हायरसने केलं त्याहून अधिक भीतीने केलं.

महाराष्ट्राने याहून मोठा हल्लाही पाहिला आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ सुटला आणि त्याने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला आडवं केलं. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले. नॉटपेट्या खंडणी मागत असला तरी त्याचा खरा हेतू नासधूस हाच होता. डिस्कवरच्या फाइलींचा मुख्य तक्ता तो कुलूपबंद करायचा आणि त्याची किल्ली कुणाकडेच नसायची. एवढा विध्वंस होऊनही मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले, ते सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकून. यातला एक तपशील तर मराठवाड्याच्या माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा ठेवणारे सगळे मुख्य सर्व्हर नष्ट झाले, फक्त घानामधला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून पुढचं सगळं उभं राहिलं.

याच्या उलट चित्र २०१२ च्या ऑगस्टमध्ये सौदी अरामकोत दिसलं. ‘शमून’ या व्हायरसने तिथल्या सुमारे ३०,००० संगणकांच्या डिस्क पुसून टाकल्या. कंपनीने त्या स्वच्छ करत बसण्यापेक्षा नव्या घेणं पत्करलं आणि सुमारे ५०,००० हार्डडिस्क उचलल्या, असं तिथे मदतीला गेलेल्या तज्ज्ञांनी नंतर सांगितलं आहे. थायलंडमधल्या २०११ च्या पुराने डिस्कचे कारखाने बुडाल्याने बाजारात आधीच टंचाई होती. अरामकोच्या जुन्या डिस्क मेलेल्या नव्हत्या. वेळ वाचवण्यासाठी त्या बदलल्या गेल्या. तेल विकणाऱ्या कंपनीला हे परवडतं. औसा किंवा देगलूरच्या दुकानदाराला परवडत नाही.

मग खऱ्या वाटा कोणत्या? पहिली आणि सर्वात गंभीर वाट फर्मवेअरची. डिस्कचा खासगी प्रोग्राम कंपनीला सुधारता यावा म्हणून त्यात लिहिण्याचे गुप्त आदेश असतात. ते ज्याला कळले, तो डिस्कला काहीही शिकवू शकतो. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या जेरोन डोमबर्ग यांनी डिस्कच्या पीसीबीवर तारा जोडून हे करून दाखवलं. २०१५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने ‘इक्वेशन ग्रुप’ या हेरगिरी करणाऱ्या गटाविषयीचा अहवाल काढला, तेव्हा सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा यांसह डझनभर कंपन्यांच्या डिस्कचा फर्मवेअर बदलणारा प्रोग्राम प्रत्यक्ष वापरात असल्याचं उघड झालं. लक्ष्य झालेल्या देशांच्या यादीत भारतही होता. पण हे ज्यांनी केलं त्यांना डिस्क मारायची नव्हती, फॉरमॅट मारल्यावरही टिकेल असा हेर तिच्यात बसवायचा होता. ज्याला एवढं कौशल्य जमतं, तो ते लातूरच्या आडत दुकानातली डिस्क जाळण्यात घालवणार नाही.

फर्मवेअर बिघडला तर डिस्क जाते, हे मात्र निदान दोनदा निर्विवाद सिद्ध झालं आहे, आणि दोन्ही वेळा दोष कंपनीचाच होता. २००८-०९ मध्ये सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या डिस्क फर्मवेअरच्या चुकीमुळे अचानक मुक्या होत होत्या. २०१९ मध्ये एचपी एंटरप्राइजने जाहीर केलं, की त्यांच्या काही एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर लिहिणाऱ्या डिस्क, बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील. दुरुस्त फर्मवेअर आधीच टाकला नाही तर डिस्कही गेली आणि डेटाही. नकळत झालेल्या चुकीने जे घडतं, ते मुद्दाम घडवता येणार नाही असं म्हणायला जागा नाही.

दुसरी वाट कुलपाची. एटीए पद्धतीच्या डिस्कला स्वतःचा पासवर्ड देण्याची सोय असते. एखाद्या प्रोग्रामने तो परस्पर लावला, तर डिस्क धडधाकट असूनही निरुपयोगी होते. जर्मनीच्या ‘सीटी’ मासिकाने २००५ मध्ये याचा इशारा दिला, आणि आज बहुतेक बायोस संगणक सुरू होतानाच ही सोय गोठवून टाकतात.

तिसरी वाट ऐकायला विलक्षण आहे: आवाज. २०१८ मध्ये मिशिगन आणि चीनमधल्या जजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की विशिष्ट कंपनांचा आवाज हेडला थरथरवतो, डिस्क लिहिणं थांबवते आणि विंडोज कोसळतं. तो आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरमधूनही काढता येतो. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये सांगितलेली हकिकत तर प्रसिद्धच आहे: जॅनेट जॅक्सनच्या ‘रिदम नेशन’ गाण्याने ५,४०० फेऱ्यांच्या काही लॅपटॉप डिस्क बंद पडत. आवाजाने कायमची मोडतोडही झाली आहे. २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी झाली, तेव्हा वायू सुटण्याच्या १३० डेसिबलहून मोठ्या आवाजाने डझनावारी डिस्क गेल्या. तिथे व्हायरसचा काही संबंध नव्हता, आणि लॅपटॉपच्या स्पीकरमध्ये तेवढा जोर नसतो.

उरते झीज. व्हायरस डिस्कला रात्रंदिवस पळवून मारेल, ही कल्पना बरीच लोकप्रिय आहे. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अति वापर आणि मरण यांचा संबंध अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. अगदी नव्या आणि अगदी जुन्या डिस्क सोडल्या तर तो दिसलाच नाही. एसएसडीची गोष्ट वेगळी, कारण तिच्या पेशींवर मोजक्याच वेळा लिहिता येतं. २५० जीबीच्या एखाद्या एसएसडीला कंपनी १५० टीबी लिखाणाची हमी देते. सेकंदाला ५०० एमबी वेगाने अखंड लिहीत राहिलं, तर कागदावर ती हमी साडेतीन दिवसांत संपते. प्रत्यक्षात एवढा वेग टिकत नाही आणि हमी म्हणजे मृत्यूची तारीखही नसते. ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात सहा एसएसडी मुद्दाम झिजवल्या, तेव्हा त्या शेकडो टीबी सहज पार करून गेल्या, आणि शेवटची तर २,४०० टीबीपर्यंत टिकली. थोडक्यात, एसएसडी झिजवणारा व्हायरस लिहिता येईल. तो लिहिण्यात कुणाचा फायदा, हा प्रश्न उरतो. आजचा व्हायरस लिहिणारा खंडणीसाठी लिहितो. त्याचा धंदा तुमची डिस्क ठणठणीत असण्यावर अवलंबून आहे; कुलूप लावलेला मजकूर परत देता आला नाही तर पैसे कोण देणार?

डिस्कच्या बाहेर मात्र प्रोग्रामने लोखंड मोडलं आहे. अमेरिकेच्या आयडाहो प्रयोगशाळेत २००७ मध्ये केवळ आदेश पाठवून डिझेल जनरेटर हादरवून निकामी केला गेला. २०१० मध्ये उघड झालेल्या ‘स्टक्सनेट’ने इराणच्या नतांझमधली सेंट्रिफ्यूज यंत्रं वेग वर-खाली करून फोडली. तिथे यंत्राचा वेग थेट सॉफ्टवेअरच्या हाती होता, डिस्कमध्ये तो नसतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हाही हाच संशय पुढे आला. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. वीज असो की डिस्क, तपासाआधी व्हायरसचं नाव घेणं सोपं असतं.

मग आपल्याकडच्या डिस्क मरतात कशाने? माझं उत्तर: विजेने, धक्क्याने, उष्णतेने आणि वयाने, साधारण याच क्रमाने. मराठवाड्याने २००५ नंतरची कित्येक वर्षं दिवसाला बारा-बारा तासांचं लोडशेडिंग सोसलं आहे. आज वीज बरी आहे, पण व्होल्टेजचा भरवसा अजून नाही. वीज जाते तेव्हा डिस्क फिरत्या तबकडीच्याच ऊर्जेवर हेड सुरक्षित जागी नेते, त्यामुळे नुसत्या जाण्याने ओरखडा सहसा पडत नाही. अर्धवट लिहिलेला सेक्टर मात्र बिघडतो आणि विंडोज सुरू होत नाही. खरा घात वीज परत येताना होतो. त्या झटक्याने हलक्या प्रतीचा एसएमपीएस, म्हणजे संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा, नको तेवढं व्होल्टेज पुढे सोडतो आणि डिस्कची पीसीबी जळते. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या घरात ४०० च्या आसपास व्होल्टेज शिरतं; एका रात्रीत गल्लीतले टीव्ही, पंखे, संगणक सगळेच जातात, तेव्हा कुणी व्हायरसचं नाव घेत नाही. एकट्या संगणकाचं तसं झालं की मात्र घेतात. अर्थिंग नसलेली सॉकेट आणि बॅटरी संपलेला यूपीएस हे आपल्याकडचे सर्वात जुने ‘व्हायरस’ आहेत.

उष्णतेबद्दल जरा जपून बोललं पाहिजे. नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, बंद कॅबिनमध्ये आतलं तापमान आणखी चढतं, आणि बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते. तरीही गूगलच्या अभ्यासात उष्णतेचा परिणाम मुख्यतः खूप जास्त तापमानाला आणि जुन्या डिस्कवर दिसला. धूळ डिस्कच्या आत जात नाही, डिस्कच्या झाकणावरच्या छिद्राला गाळणी असते. पण धूळ पंखा चोंदवते. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये, देवघराशेजारच्या फळीवर, वर्षानुवर्षं न थांबता लिहीत राहणारी डिस्क उन्हाळ्यात जाते ती अशी.

त्याच अभ्यासातला एक आकडा प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावा. डिस्कमध्ये वाचनाची पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते. चुकीचं निदान इथे जीव घेतं. डिस्क संथ झाली, फाइली उघडेनात, की ‘व्हायरस आहे’ म्हणून फॉरमॅट मारला जातो, विंडोज मारलं जातं, महिन्याने पुन्हा तेच. मरणाऱ्या डिस्कने दिलेली मुदत फॉरमॅट मारण्यात संपते. टकटक आवाज येणारी डिस्क तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याइतकं घातक काही नाही. हेड प्रत्येक वेळी तबकडी आणखी खरवडतं. दुसरीकडे, खरंच व्हायरस लागलेली पण धडधाकट डिस्क भंगारात जाते आणि तिच्यातला सगळा मजकूर जातो, जो दुसऱ्या संगणकाला जोडून तासाभरात काढता आला असता.

फरक ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम ती मिनिटभरात दाखवतो. रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे शून्यावरून वर चढू लागले असतील तर डिस्क जात आहे, व्हायरस असो वा नसो. सीआरसी चुका, म्हणजे केबलमधून मजकूर येता-जाता होणाऱ्या चुका, वाढत असतील तर आधी साटा केबल बदलून पाहावी; पन्नास-शंभर रुपयांच्या केबलपायी हजारोंची डिस्क फेकली जाते. आकडे स्वच्छ असतील आणि तरीही फाइली गायब असतील, तेव्हाच व्हायरसकडे वळावं. एक इशारा मात्र हवा: गूगलच्या मेलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांनी स्मार्टमध्ये आधी कसलीच खूण दाखवली नव्हती. म्हणून आकडे चांगले असले तरी दुसरी प्रत हवीच, आणि ती त्याच टेबलावर, त्याच सॉकेटला जोडलेली नको.

नांदेड-लातूरच्या दुरुस्ती करणाऱ्या मित्रांना माझी विनंती एवढीच आहे: बिलावर ‘व्हायरस’ लिहिण्याआधी स्मार्टचे आकडे काढा आणि ते आकडेच बिलावर लिहा. आणि ग्राहकांनो, डिस्क बदलायला सांगितली तर ते आकडे मागा, आणि जुनी डिस्क घरी घेऊन या. ती तुमची आहे, आणि तिच्यावरचा मजकूर बहुधा अजून शाबूत आहे.